चिवड्याचा डबा आणि नऊ किलो

अण्णांच्या चिवड्याच्या डब्याला एक पोचा आहे. डबा आईच्या रुखवतातला, जाड स्टीलचा. कधीतरी ओट्यावरून पडला आणि झाकणाची कड आत दबली. तेव्हापासून झाकण सरळ निघत नाही. अंगठ्याने एका बाजूने रेटावं लागतं, मग 'टक्' असा आवाज होतो आणि ते सुटतं. संध्याकाळी पाच-सव्वापाचला चहाबरोबर हा 'टक्' झाला की तांबू घरात असेल तिथून निघते. गॅलरीत असो, दिवाणाखाली असो, नाहीतर माझ्या धुवायच्या कपड्यांच्या ढिगावर गाढ झोपलेली असो. अण्णांच्या खुर्चीशी येते, पुढचे दोन पाय जुळवून बसते आणि त्यांच्या हाताकडे बघत राहते.

तांबू आमची कुत्री. पुण्यात वनाज ते गरवारे मेट्रो सुरू झाली त्या वर्षी, २०२२च्या पावसाळ्यात, नळ स्टॉपजवळ मेट्रोच्या खांबाच्या आडोशाला भिजत बसलेली सापडली. दोनेक महिन्यांची असेल. रंग तांबूस, म्हणून नाव तांबू. आमच्याकडची देशी कुत्री एरवी पंधरा-वीस किलोंची होतात, ही मात्र लहानखुरीच राहिली. नऊ किलो.

आई गेल्यापासून अण्णा संध्याकाळचा चहा एकटेच घेत. मी ऑफिसात, नवरा ऑफिसात, मुलं क्लासला. तांबू आली आणि त्या चहाला सोबत मिळाली. समोर कुणी बघत असताना आपण एकट्याने खायचं नाही, ही अण्णांच्या घरची शिस्त. ते जेजुरीजवळच्या गावात वाढले. खंडोबाच्या पायाशी कुत्रं, दत्ताच्या पायाशी चार कुत्री, आणि पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव, ही त्यांची लहानपणची शिकवण. जेवायला बसताना आजही ते ताटाबाहेर चित्राहुती घालतात. त्यामुळे एक चिमूट चिवडा स्वतःच्या तोंडात आणि एक तांबूच्या, हे त्यांना इतकं स्वाभाविक होतं की त्यात काही विचार करण्यासारखं आहे हेच आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आलं नाही. चिवडा नसेल तेव्हा बाकरवडी. बाकरवडी नसेल तेव्हा जेवणातल्या पापडाचा तुकडा. "खाल्ल्या मिठाला जागणारी जात आहे," असं ते तिच्या मानेवरून हात फिरवत म्हणायचे.

२०२३च्या दिवाळीत, लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी जे झालं त्यानंतर हे वाक्य त्यांनी पुन्हा उच्चारलेलं मी ऐकलं नाही.

रविवार होता. फटाक्यांना घाबरून तांबू दुपारपासून दिवाणाखाली होती. पूजा झाली, शेजारीपाजारी फराळाला येऊन गेले आणि साडेसातच्या सुमाराला आम्ही सगळे मुलांबरोबर खाली पार्किंगमध्ये उतरलो. टीपॉयवर चिवड्याचा मोठा वाडगा तसाच राहिला. पाव किलो तरी असेल, पातळ पोह्यांचा, भरपूर खोबरं आणि तासगावचे बेदाणे घातलेला. वीस मिनिटांनी वर आलो तेव्हा वाडगा चाटून पुसून लख्ख होता. फरशीवर तेवढी कढीपत्त्याची पानं आणि तळलेल्या मिरचीचे तुकडे, तेही नीट बाजूला काढल्यासारखे.

कुत्र्यांना मनुके चालत नाहीत एवढं मला कुठूनतरी माहीत होतं. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांना फोन लावला, तो लागेना. लक्ष्मीपूजनाची संध्याकाळ. समोरचे काका दार उघडं बघून आत आले. त्यांनी अतिशय कळकळीने सांगितलं, "अगं, मिठाचं पाणी पाज. लगेच ओकेल. आमच्या गावाकडे जनावरानं काही वंगाळ खाल्लं की हेच करतात." मला ते पटलं. लहानपणी कुणी काही गिळलं की मोठी माणसं हाच उपाय सांगत, मीही ऐकलेला होता. मी अर्धी वाटी कोमट पाण्यात तीन चमचे मीठ विरघळवलं आणि औषधाच्या पिचकारीने तांबूच्या गालफडात थोडं थोडं करून सगळं सोडलं. नवऱ्याने तिला धरलं होतं. तिने एकदाही दात लावला नाही. नुसती माझ्याकडे बघत गिळत राहिली.

पाच-सात मिनिटांत ओकली. पोह्यांचा लगदा, शेंगदाणे, पाच-सहा फुगलेले बेदाणे. आम्हाला हायसं वाटलं. मी फरशी पुसली.

साडेनऊला ती भांडंभर पाणी प्यायली. परत भरून ठेवलं, तेही संपवलं. मग नुसतं पाणी ओकली. मग थरथरायला लागली. आधी वाटलं फटाक्यांनी. पण ती उभी राहिली तेव्हा मागचे पाय एकाच दिशेला जाईनात, आणि ती भिंतीला अंग टेकून तशीच राहिली. मान खाली. हाक मारली तर कान हलले, मान वळली नाही.

रात्रभर उघडं असणाऱ्या एका दवाखान्यात पोचलो तेव्हा सव्वादहा झाले होते. रस्ताभर माळा लागत होत्या आणि तांबू माझ्या मांडीवर एकाही आवाजाला दचकली नाही. त्याचीच मला सगळ्यात जास्त भीती वाटली.

डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "वजन किती?" आणि दुसरा, मी सगळं सांगितल्यावर, "मीठ किती चमचे?" तीन म्हटल्यावर त्यांचा चेहरा बदलला. रक्त घेऊन झालं, सलाईनची सुई लागली, मग त्यांनी केसपेपरच्या पाठीमागे मला हिशोब लिहून दाखवला. तो कागद अजून माझ्याकडे आहे.

कुत्र्याच्या दर किलो वजनामागे साधारण २ ग्रॅम मीठ एकदम पोटात गेलं की विषबाधेची लक्षणं दिसायला लागतात. किलोमागे ४ ग्रॅमच्या आसपास गेलं तर जीव जाऊ शकतो. तांबू नऊ किलोंची, म्हणजे तिची धोक्याची रेघ १८ ग्रॅमवर. चहाचा एक सपाट चमचा मीठ सहा ग्रॅमच्या जवळपास भरतं. तीन चमचे, १८ ग्रॅम.

"आणि चिवड्यातलं?" मी विचारलं.

"तुम्ही करता ना घरी? किलोभर चिवड्याला किती मीठ घालता?"

तीन-चार चमचे. म्हणजे पाव किलोत जेमतेम एक चमचा. आईने शिकवलेलं प्रमाण मी तिथे, त्या पांढऱ्या टेबलाशी उभी राहून मनात भागत होते. ज्या चिवड्याच्या धास्तीने मी तिला ओकायला लावलं त्याच्या तिप्पट मीठ मी स्वतःच्या हाताने तिला पाजलं होतं. उलटीत काही बाहेर पडलं म्हणून ती टेबलावर निदान श्वास घेत पडली होती.

तिच्या रक्तातलं सोडियम १६७ आलं. कुत्र्यांमध्ये ते साधारण १४० ते १५५ असतं. एकशेऐंशीच्या पुढे झटके येण्याची भीती फार वाढते. डॉक्टर म्हणाल्या, "तुम्ही लगेच इकडे आणलं असतंत तर मी एका इंजेक्शनने उलटी करवली असती. मीठ कधीच द्यायचं नाही. आम्ही ते केव्हाच सोडलंय." आवाजात राग नव्हता. हे वाक्य त्या कितव्यांदा म्हणत होत्या कोण जाणे.

मीठ नेमकं करतं काय, ते मला त्या रात्री बाकावर बसून समजून घ्यावंसं वाटलं, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. लोणच्याच्या फोडींना मीठ चोळून ठेवलं की त्यांना पाणी सुटतं. रक्तात सोडियम एकदम वाढलं की शरीरातल्या पेशींचं हेच होतं. पाणी पेशीतून बाहेर, रक्ताकडे ओढलं जातं. इतर अवयव ते काही काळ सोसतात, मेंदू सोसत नाही. त्याच्या पेशी आक्रसतात, बारीक रक्तवाहिन्यांवर ताण येतो, त्या फुटूही शकतात. तोल जाणं, थरथर, झटके, बेशुद्धी हे सगळं त्यातून येतं. उपचारालाही घाई चालत नाही. सोडियम झपाट्याने खाली आणलं तर पाणी उलट मेंदूच्या पेशींत घुसतं आणि मेंदू सुजतो. म्हणून ठरावीक वेगाने सलाईन, दर काही तासांनी रक्ताची तपासणी, आकडा जरा खाली आला की पुन्हा वेग बदलायचा. १६७, १६३, १६०. दुसऱ्या दिवशी दुपारी १५४. मूत्रपिंडांवर पुढचे तीन दिवस लक्ष ठेवलं, बेदाण्यांमुळे. ती सुटली. भाऊबीजेच्या दिवशी घरी आली, पायाला गुलाबी पट्टी गुंडाळलेली.

अण्णा दवाखान्यात आले नव्हते. घरी येऊन पाहिलं तर त्यांनी डब्यातला उरलेला चिवडा सोसायटीच्या वॉचमनला देऊन टाकला होता आणि डबा घासून पालथा घातला होता. त्यांना वाटत होतं चूक त्यांची. रोज चव लावली म्हणून तिने वाडगा संपवला. मला वाटत होतं चूक माझी. आम्ही दोघं यावर एक शब्द बोललो नाही. तांबू मात्र पाच वाजता त्यांच्या खुर्चीशी जाऊन बसली.

त्यानंतर मी पाकिटं उलटी करून वाचायला लागले. आपल्याकडे आता पाकीटबंद खाण्यावर सोडियमचा आकडा छापावाच लागतो, फक्त तो मिठाचा आकडा नसतो. एक ग्रॅम मिठात साधारण ४०० मिलिग्रॅम सोडियम, एवढं ध्यानात ठेवलं की पुढचं गणित घरच्या घरी होतं. पंधरा किलोंच्या कुत्र्याला दिवसाला २०० मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम पुरतं. तांबूला त्याहून कमी. मीठ न घातलेल्या शंभर ग्रॅम चिकनमध्ये साठ-सत्तर मिलिग्रॅम निसर्गतःच असतं, त्यामुळे वेगळं मीठ घालायची वेळ येत नाही. आता पापड घ्या. उडदाच्या पापडात मीठही असतं आणि पापडखारही, आणि पापडखार म्हणजेसुद्धा सोडियमच. एका पापडात दीडशे-दोनशे मिलिग्रॅम सहज. म्हणजे जेवताना प्रेमाने पुढे केलेला एक अख्खा पापड हा मोठ्या कुत्र्याचाही जवळपास दिवसाचा कोटा. खाऱ्या वेफर्सची मूठभर पुडी तेवढीच. सुट्ट्या फरसाणाच्या पिशवीवर तर काहीच छापलेलं नसतं, जीभ सांगेल ते खरं. चुरमुरे मी निर्धोक समजत होते. पण तांदळाला मिठाचं पाणी लावून ते भट्टीत फुलवतात, नुसते खाऊन बघितले तरी खारट लागतात.

हे वाचून कुणी एका वेफरपायी रात्रभर जागावं, असं मला अजिबात म्हणायचं नाही. खाली पडलेला एखादा साधा खारा वेफर धडधाकट कुत्र्याने उचलला, समोर पाण्याचं भांडं भरलेलं आहे, तर त्याची मूत्रपिंडं ते मीठ बाहेर टाकतात. जास्तीचं पाणी पिईल, दोनदा जास्त खाली न्यावं लागेल. घाबरायचं ते दोन ठिकाणी. एक, कुत्रं लहान असेल, म्हातारं असेल, हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल, तेव्हा. आणि दुसरं, मीठ एकदम पोटात जातं तेव्हा. मिठाची पुडी, पापडाच्या पिठाचा गोळा, लोणच्याचा खार. खारवलेल्या सुक्या मासळीलाही मी त्यातच धरते. अशा वेळी वजन किती, खाल्लं काय, किती आणि केव्हा, ही चार उत्तरं तोंडात तयार ठेवून डॉक्टरांना फोन करायचा. पाणी थोडं थोडं देत राहायचं. घशात बोट नाही, मीठ नाही.

खरं तर आपल्या खाऱ्या खाण्यात मीठ हा एकटाच धोका नसतो, आणि मला वाटतं याच गोष्टीकडे आपलं सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं. तेल बघा. नऊ किलोंच्या तांबूला दिवसाला पाचशेच्या आसपास कॅलरी लागतात. वरखर्चाचं खाणं त्याच्या एक दशांशाच्या आत ठेवावं, असं पशुवैद्य सांगतात. म्हणजे पन्नास कॅलरी. एक लहान बाकरवडी तेवढी असते. अण्णा तीन द्यायचे. असं तळकट एकदम जास्त खाल्लं की काही कुत्र्यांच्या स्वादुपिंडाला सूज येते. कुत्रं पुढचे पाय पसरून छाती जमिनीला टेकवतं आणि मागचा भाग वर ठेवतं, नमस्कार घातल्यासारखं. आपल्याला वाटतं आळस देतंय. पोट दुखत असतं.

आणि कांदा-लसूण. आमच्या घरी तरी कांदा-लसणाशिवाय चमचमीत काही होतच नाही. लसूणशेव, वड्याबरोबरची सुकी चटणी, मसाला वेफर्सवर भुरभुरलेली कांदा पावडर. कांद्यातली गंधकाची संयुगं कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. शिजवलं, तळलं, वाळवलं तरी ती जात नाहीत. वाळवून पूड केली की उलट थोड्याशा पुडीतही जास्त जातात. किलोमागे १५ ते ३० ग्रॅम कांदा पोटात गेला की रक्तात दिसण्याइतका फरक पडतो, आणि थोडा थोडा रोज गेला तरी नुकसान साचत जातं. लक्षणं त्याच दिवशी दिसत नाहीत. तीन-चार दिवसांनी हिरड्या पांढुरक्या पडतात, लघवी कॉफीसारखी होते, कुत्रं चार पावलांत दमतं. तोवर तो वडापाव कुणाच्या आठवणीतही नसतो.

सिंहगडावर हे मला फार टोचतं. पावसाळ्यातल्या रविवारी गडावर गेलं की कांदाभजीच्या प्रत्येक घाण्याभोवती चार-पाच कुत्री असतात. ओली, शांत, कुणाला त्रास न देणारी. आपण भजी खातो, ती बघतात, आणि अण्णांसारखीच शिकवण असलेली माणसं एक एक भजी टाकतात. एका भजीने काही होत नाही, हे मी वर लिहिलेल्या आकड्यांवरूनच सांगेन. पण दिवसभर येणाऱ्या माणसांना आधीच्या माणसाने काय टाकलं ते माहीत नसतं. मी आता जाताना घरून साध्या भाकरीचे तुकडे नेते. भाकरी पिठल्याशिवाय, ठेच्याशिवाय. कुत्री तीही तितक्याच आनंदाने खातात. गेल्या पावसाळ्यात एका मुलीने मला विचारलं, "मावशी, त्यांना भजी नाही आवडत का?" मी तिला तिथेच बसवून कांद्याची गोष्ट सांगितली. तिने हातातली भजी स्वतः खाल्ली आणि माझ्याकडे भाकरीचा तुकडा मागितला.

वेताळ टेकडीवर सकाळी दुसरंच दिसतं. तिथे खाण्यापेक्षा पाकिटं वाईट. वेफर्सच्या पाकिटाच्या तळाशी मसाला चिकटलेला असतो, त्या वासाने कुत्रं तोंड आत घालतं, श्वास ओढला की पाकीट नाकातोंडाला चिकटतं, आणि जितकं घाबरेल तितकं ते घट्ट बसतं. काही मिनिटांत गुदमरून जीव जाऊ शकतो. पाकीट टाकताना तळाकडून आणि कडेने फाडून सपाट केलं तर हा प्रसंगच येत नाही. आमच्या घरी आता मुलं हे न सांगता करतात, कात्री फराळाच्या कपाटाजवळच टांगलेली असते.

बेदाण्यांबद्दल एक गोष्ट मला डॉक्टरांनी नंतर, तांबूच्या फेरतपासणीच्या वेळी सांगितली. द्राक्षं आणि मनुके कुत्र्यांची मूत्रपिंडं बंद पाडू शकतात हे फार वर्षं माहीत होतं, पण का, ते कळत नव्हतं. एखादा कुत्रा मूठभर खाऊन ठणठणीत राही, दुसरा चार दाण्यांनी जाई. २०२१मध्ये अमेरिकेतल्या प्राण्यांच्या विषबाधा केंद्रातल्या पशुवैद्यांनी बोट दाखवलं ते टार्टारिक आम्लाकडे. द्राक्षात ते असतंच, आणि त्याचं प्रमाण जातीप्रमाणे, पिकण्याप्रमाणे बदलतं. त्यांना हे सुचलं ते एका वेगळ्याच पदार्थामुळे. घरी खेळायची कणीक करताना घालतात ती टार्टारची पूड खाल्लेल्या कुत्र्याची मूत्रपिंडं तशीच बिघडली होती. पुढे चिंच खाल्लेल्या कुत्र्यांमध्येही तेच आढळलं.

चिंच. मी घरी येऊन स्वयंपाकघरात उभी राहिले. आमटीत चिंच, भेळेच्या चटणीत चिंच-गूळ, अळूच्या फतफत्यात चिंच, बाकरवडीच्या सारणात चिंच. तांबूला आमटी-भात कालवून घालायचो आम्ही, ती लहान असताना. आता तिचा भात वेगळा लावते आणि त्यात फक्त उकडलेलं चिकन नाहीतर अंडं, थोडा लाल भोपळा. तिच्या पातेल्यात मीठ, हळद, फोडणी काही पडत नाही.

उन्हाळ्यातलाही एक समज माझा मोडला. एप्रिलमध्ये आपण लिंबू-सरबतात मीठ घालतो, घामावाटे मीठ जातं म्हणून. तेच प्रेम मी तांबूच्या ताकात मीठ घालून दाखवत होते. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. घामाच्या ग्रंथी तळव्यांपुरत्या. ते धापा टाकून अंग थंड करतं आणि धापेतून जातं ते नुसतं पाणी, मीठ नाही. तापलेल्या कुत्र्याला हवं असतं साधं पाणी आणि सावली. आता गॅलरीतल्या मातीच्या कुंडीत दोन वेळा पाणी बदलते, आणि खाली गेटपाशी एक सिमेंटचं भांडं आहे त्यातही.

अण्णांना हे सगळं पटवणं मला सगळ्यात अवघड गेलं. चिवडा बंद करायला ते तयार होते, तो त्यांनी त्या रात्रीच बंद केला होता. पण तिचं वेगळं, बिनमिठाचं अन्न बघून त्यांना वाईट वाटायचं. "अळणी घालायचं तिला? अळणी आजाऱ्याला घालतात. तिनं काय केलंय?" त्यांना स्वतःला रक्तदाबामुळे मीठ कमी करायला सांगितलेलं आहे. प्रौढ माणसाने दिवसाला पाच ग्रॅमच्या आत मीठ खावं, एवढा त्यांचा कोटा, आणि तो पाळणं म्हणजे काय हे त्यांना रोज जेवताना कळतं. तीच शिक्षा आपण तिलाही करतोय, असं त्यांना वाटत होतं.

यावर मी त्यांना एवढंच सांगितलं की अळणी हा शब्द आपल्या जिभेने केलाय. माणसाच्या जिभेवर नऊ हजारांच्या घरात चवीच्या कळ्या, कुत्र्याच्या जिभेवर सतराशेच्या आसपास. तिचे पूर्वज मांस खाऊन जगले, मांसात सोडियम असतंच, त्यामुळे मिठासाठी हपापणारी जीभ त्यांना लागलीच नाही. तिला चिवड्यात खेचत होता तो तेलाचा आणि खोबऱ्याचा वास. अण्णा बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे मी इतके दिवस तिला माझी चव खाऊ घालत होतो."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी ऑफिसातून लवकर आले तर डबा पुन्हा खुर्चीशेजारी होता. पालथा नव्हता. अण्णांनी त्यात गाजराचे आणि काकडीचे बोटाएवढे तुकडे भरले होते, एका वाटीत कुत्र्यांच्या तयार खाण्याचे दहा-बारा दाणे. पाच वाजून दहा मिनिटांनी अंगठ्याने झाकण रेटलं. टक्. तांबू दिवाणाखालून निघाली, येऊन बसली, पाय जुळवले. अण्णांनी काकडी पुढे केली. तिने हुंगली, तोंडात घेतली, बाजूला जाऊन सतरंजीवर ठेवली, एकदा चाटली आणि मग कचाकचा चावून खाल्ली. परत येऊन बसली. अण्णांनी स्वतःसाठी एका बशीत नुसत्या साळीच्या लाह्या घेतल्या होत्या, तूप लावून, मीठ न घालता. ते त्या लाह्या खात होते आणि माझ्याकडे बघत नव्हते.

डब्याच्या झाकणावर आता एक पांढरी पट्टी चिकटवलेली आहे. दर तीन महिन्यांनी तांबूला तपासायला नेतो, वजन होतं, आणि घरी आल्यावर अण्णा जुना आकडा खोडून मार्करने नवा लिहितात. त्यांचा हात हल्ली थोडा थरथरतो, म्हणून आकडे मोठे. सध्या तिथे ९.३ आहे.